दाणा नाही, मडके नाही: न्यू गिनीच्या डोंगरातली प्राचीन शेती कशी ओळखली

शेती पहिल्यांदा कुठे सुरू झाली या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत. पश्चिम आशियात गहू आणि जव, चीनमध्ये भात आणि राळा, मेक्सिकोत मका. न्यू गिनीचा डोंगराळ प्रदेश या यादीत फार उशिरा आला. तिथली शेती इतरांपेक्षा नवी होती म्हणून नव्हे. तिथल्या शेतकऱ्यांनी मागे काय ठेवले, ते ओळखायलाच वेळ लागला. गव्हाचा दाणा जळून कोळसा झाला की हजारो वर्षे तसाच राहतो. केळीचा मुनवा, अळूचा कंद किंवा उसाचे बेणे चिखलात कुजून जाते. धान्य नाही, धान्याची कोठारे नाहीत, बहुतेक ठिकाणी मडकीही नाहीत. मग तिथे शेती होती हे म्हणायचे कशावरून?

त्याचे उत्तर मुख्यतः कूक नावाच्या एका दलदलीतून मिळाले. हा लेख त्या पुराव्याबद्दल आहे: तो कसा गोळा करतात, कुठे फसायला होते आणि त्यातले किती पक्के आहे.

प्रदेश कसा आहे

ग्रीनलंडनंतरचे जगातले सर्वांत मोठे बेट म्हणजे न्यू गिनी. पूर्वेकडचा अर्धा भाग पापुआ न्यू गिनी हा देश, पश्चिमेकडचा इंडोनेशियात. बेटाच्या कण्यासारखी एक पर्वतरांग आडवी गेली आहे. तिचे सर्वोच्च शिखर पुंचाक जाया, ४,८८४ मीटर. पापुआ न्यू गिनीतले सर्वांत उंच माउंट विल्हेल्म, ४,५०९ मीटर. विषुववृत्त जवळ असूनही हिमयुगात या शिखरांवर हिमनद्या होत्या आणि झाडांची वरची सीमा आजच्यापेक्षा बरीच खाली उतरली होती.

माणसांची वस्ती मात्र शिखरांवर नाही. ती आहे साधारण १,४०० ते २,००० मीटरच्या पट्ट्यातल्या रुंद खोऱ्यांत. इथे किनाऱ्यावरचा उकाडा नाही, मलेरियाचा जोर कमी आहे आणि पाऊस भरपूर. १९३० पर्यंत बाहेरच्या लोकांची समजूत होती की बेटाच्या मध्यभागी नुसते निर्मनुष्य डोंगर आहेत. सोन्याच्या शोधात आलेले मिक लीही आणि त्याचे साथीदार १९३० पासून आत शिरले, आणि १९३३ मध्ये लीही बंधू सरकारी अधिकारी जिम टेलर यांच्याबरोबर वाघी खोऱ्यात पोचले. समोर सरळ रेषेत चर काढलेल्या बागांचे पट्टेच्या पट्टे. या डोंगरांत मिळून सुमारे दहा लाख माणसे राहत होती, आणि त्यांची हत्यारे दगडाची होती. दगडी हत्यारे आणि इतकी आखीव शेती हे समीकरण तेव्हाच्या अभ्यासकांच्या डोक्यात बसेना. शेतीची विद्या आशियातून कधीतरी अलीकडे इथे आली असावी असे गृहीत धरून पुढची कित्येक वर्षे गेली.

पहिली माणसे: थंडीत, उंचावर

शेतीच्या आधीचा काळ थोडक्यात पाहू, कारण त्याशिवाय पुढचे उलगडत नाही. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरपर्यंत खाली गेली होती. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा जमिनीने जोडलेले होते; या एकत्रित भूभागाला साहुल म्हणतात. दोघांमधला भूपूल सुमारे ८,००० वर्षांपूर्वी बुडाला.

पापुआ न्यू गिनीच्या आग्नेय भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर, इव्हाने खोरे आहे. तिथल्या स्थळांचा काळ ४९,००० ते ४४,००० वर्षांपूर्वीचा निघाला. २०१० मध्ये ग्लेन समरहेज आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. तिथे तीन गोष्टी सापडल्या आणि त्या एकत्र वाचल्या तरच चित्र स्पष्ट होते. पहिली, जळलेल्या कवचांचे तुकडे. ही कवचे केवड्याच्या कुळातल्या, डोंगरात वाढणाऱ्या झाडांच्या तेलकट बियांची आहेत. त्या आजही तिथे आवडीने खातात. दुसरी, कोनफळाच्या कुळातल्या कंदांचे स्टार्चचे कण, दगडी हत्यारांच्या धारेवर चिकटलेले. तिसरी, मध्ये दोन्ही बाजूंनी खाचा असलेली जड दगडी हत्यारे. खाचेत वेल किंवा दोर बांधून दांडा बसवता येतो.

त्या वेळच्या थंडीत हे कंद त्या उंचीवर वाढणे कठीण होते. म्हणजे ते खालच्या उतारांवरून वर आणले असणार. लोक दोन वेगळ्या उंचींवरची साधने एकाच वेळी वापरत होते, आणि जड हत्यारांनी बहुधा झाडोरा मोकळा करत होते. जंगलात उजेड पडला की हवी ती झाडे जास्त फळतात. याला शेती म्हणता येणार नाही, पण इथल्या लोकांना झाडांची खोड आणि सवयी माहीत होत्या, हे कूकच्या आधी तीस-चाळीस हजार वर्षे स्पष्ट दिसते.

चहाच्या मळ्यातले चर

१९६६ मध्ये वाघी खोऱ्यात, माउंट हेगनजवळ वर्रावाऊ इथल्या दलदलीत चहाच्या मळ्यासाठी पाणी काढून देणारे चर खणले जात होते. खणताना जुने, बुजलेले चर आणि लाकडी हत्यारे निघू लागली. त्यातल्या एका खणायच्या काठीचा काळ सुमारे २,३०० वर्षे आला. कोरड्या जमिनीत लाकूड काही वर्षांत संपते. दलदलीत पाण्याखाली प्राणवायू पोचत नाही, म्हणून ते टिकले.

जवळच कूक इथे चहा संशोधन केंद्र उभे राहिले आणि तिथेही तेच घडले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे जॅक गोलसन यांनी १९७२ ते १९७७ या काळात तिथे मोठे काम केले. भूगोल, माती, परागकण, राख अशा प्रत्येक विषयाचे जाणकार सोबत घेतले. पद्धत हुशारीची होती. केंद्राने खणलेल्या नव्या चरांच्या भिंती म्हणजे आयते छेद. त्या साफ करायच्या, जुन्या चरांचे आडवे काप भिंतीत कुठे दिसतात ते मोजून नकाशावर टाकायचे, आणि एका भिंतीतला काप दुसऱ्या भिंतीतल्या कापाशी जुळतो का पाहायचे. जुळले की जमिनीखालचा अख्खा जुना चर न खणताच नकाशावर उमटतो. मग मोजक्या जागी पूर्ण उत्खनन.

कूक साधारण १,५५० मीटर उंचीवर आहे. वर्षाला सुमारे २,७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जमीन सपाट. तिथे प्रश्न पाणी मिळवण्याचा नाही, पाणी घालवण्याचा आहे. चर काढला की जमिनीला वाफसा येतो; चर बुजू दिला की वर्षा-दोन वर्षांत पुन्हा दलदल. त्यामुळे इथला शेतीचा इतिहास म्हणजे एका अर्थी निचऱ्याचा इतिहास आहे. गोलसन यांनी त्याचे सहा टप्पे पाडले. पुढे टिम डेनहॅम यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी नव्याने खणून पहिले तीन टप्पे तपासले आणि २००३ मध्ये त्यांच्या गटाने निकाल मांडला.

पहिला टप्पा सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. यात खड्डे, खुंट रोवल्याची भोके आणि पाणी वाहिल्याच्या लहान खुणा आहेत. दुसरा ६,९५० ते ६,४४० वर्षांपूर्वीचा. यात जमिनीवर ठरावीक अंतराने केलेले मातीचे गोल उंचवटे आहेत. तिसरा ४,३५० ते ३,९८० वर्षांपूर्वीचा. इथे एकमेकांना काटकोनात मिळणारे, उघडच हाताने खणलेले चर येतात. नंतरच्या तीन टप्प्यांत चरांची जाळी दाट होत जाते आणि शेवटचा टप्पा जवळजवळ आजच्या बागांसारखा दिसतो.

उंचवटा माणसाने केला की झाडाने?

पुरातत्त्वातली निम्मी भांडणे इथेच होतात. वाऱ्याने मोठे झाड उलथले की मुळांसोबत मातीचा गोळा वर येतो. मागे खड्डा आणि शेजारी उंचवटा राहतो. डुकराने उकरलेली जमीन, कुजलेल्या मुळाची पोकळी, पुराने कातलेली नाळ, हे सगळे छेदात खड्ड्यासारखेच दिसते.

म्हणून काही गोष्टी क्रमाने पाहतात. खड्ड्याची कड तीक्ष्ण आहे की विरघळत गेलेली? हाताने खणलेल्या खड्ड्याची कड सहसा स्वच्छ कापलेली असते, कुजलेल्या मुळाची हळूहळू मातीत मिसळते. तळाशी हत्याराच्या टोकाचे ठसे आहेत का? भरलेली माती एका दमात पडली की पाण्याने थरथर साठली? झाड उलथल्याने झालेल्या खड्ड्यात खालची माती वर आणि वरची खाली, असे थर उलटे झालेले असतात. माणसाने खणून भरलेल्या खड्ड्यात तसा ठरलेला उलटेपणा दिसत नाही. यासाठी नुसते डोळे पुरत नाहीत. मातीचा ठोकळा न हलवता डब्यात घेतात, वाळवून राळेत गोठवतात आणि त्याचे सुमारे ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे पारदर्शक काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मशागत केलेल्या मातीत ढेकळांचे तुकडे, कोळशाचे कण आणि तुटलेले थर एकत्र मिसळलेले दिसतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. एक उंचवटा काहीही असू शकतो. एकाच पातळीवर, सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर अनेक उंचवटे असतील तर झाडांना त्याचे श्रेय देणे अवघड होते.

कूकमध्ये या कसोट्या लावल्यावर दोन गोष्टी बदलल्या. सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या प्रवाहाची नाळ माणसाने खणली असे गोलसन यांना वाटले होते. ती बहुधा नैसर्गिक आहे असे नव्या तपासणीत ठरले. आणि पहिल्या टप्प्यातल्या खड्ड्यांबद्दल सावधगिरी आली. लोक दलदलीच्या काठावर झाडे लावत, उपटत, खुंट रोवत होते हे त्या खुणांशी जुळते, पण एवढ्यावरून बाग म्हणावी की नाही यावर मतभेद आहेत. दुसऱ्या टप्प्यातल्या उंचवट्यांबद्दल तशी शंका उरत नाही. त्यामुळे ‘न्यू गिनीत १०,००० वर्षांपूर्वी शेती’ असे ठळक मथळे दिसतात तेव्हा मी मनात सात हजारचा आकडा धरतो. तोही जगातल्या स्वतंत्र शेती-केंद्रांत बसायला पुरेसा जुना आहे.

उंचवट्यांमागचे तर्कशास्त्रही साधे आहे. वर माती निथळलेली, तिथे पाणी सोसत नाही अशी पिके: केळी, ऊस, कोनफळ. कडेच्या ओल्या खळग्यात अळू. एकाच वाफ्यात पाण्याच्या दोन वेगळ्या गरजा भागतात.

केळीचा पुरावा: वाळूएवढ्याही नसलेल्या कणांत

जमीन कसली हे कळले, तरी काय पिकवले हे उरतेच. इथे फायटोलिथ कामाला येतात. झाड पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषते आणि ती पेशींत साठून काचेसारखे सूक्ष्म कण बनतात. झाड कुजते, कण राहतात. प्रत्येक झाडात ते बनतातच असे नाही. केळीत भरपूर बनतात. अळूत जवळजवळ नाहीतच.

माती ते सूक्ष्मदर्शक हा प्रवास असा असतो. छेदाच्या खालून वर नमुने घेत जायचे, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. प्रत्येक नमुन्यातली दोन ते पाच ग्रॅम माती पुरते. ती सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात ढवळून चिकणमातीचे गोळे सुटे करतात आणि साधारण २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळतात. चिकणमाती उशिरा बसते, म्हणून पाणी काही वेळाने वरून ओतून टाकत राहिले की ती निघून जाते. मग हायड्रोक्लोरिक आम्लाने चुनखडीचा अंश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा नायट्रिक आम्लाने सेंद्रिय पदार्थ काढतात. दलदलीच्या मातीत सेंद्रिय भाग इतका असतो की पेरॉक्साइड घाईने ओतले तर फेस भांड्याबाहेर येतो आणि नमुना वाया जातो. शेवटची पायरी घनतेची. सोडियम पॉलिटंगस्टेटचे द्रावण घनता २.३ च्या आसपास येईल असे बनवतात. क्वार्ट्झच्या वाळूची घनता २.६५, ती तळाशी जाते. फायटोलिथ त्याहून हलके, ते तरंगतात. द्रावण थोडे पातळ झाले तर काही फायटोलिथही बुडतात आणि नमुना रिकामा वाटतो. हलका भाग धुऊन, वाळवून, काचेवर पसरून ४०० पट मोठा करून पाहतात आणि किमान दोन-तीनशे कण मोजतात.

केळीच्या पानातले कण ज्वालामुखीच्या मुखासारखे दिसतात: बसका सुळका, वर खळगा. पण इथे पहिला सापळा आहे. केळीचीच एक चुलत जात, एन्सेट, न्यू गिनीत जंगली वाढते आणि तिच्या पानातले कण फार वेगळे नसतात. फरक पक्का होतो तो बियांतल्या कणांत. कूकमध्ये बियांचे कण सापडले आणि ते खऱ्या केळीच्या वंशाचे निघाले.

दुसरा सापळा उलट्या बाजूचा आहे. खाण्याच्या लागवडीच्या केळीत बी नसते. म्हणजे बियांचे कण सापडले तर केळ तिथे होती हे सिद्ध होते, पण ती जंगलीच होती असाही अर्थ निघतो! माणसाने निवडत निवडत बी नाहीसे केले की पुरावाही नाहीसा होतो. म्हणून बियांवर न थांबता पानांच्या कणांचे प्रमाण आणि भोवतालची वनस्पती एकत्र पाहतात. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी, उंचवट्यांच्या काळात, परागकणांवरून भोवती जंगल हटून गवताळ माळ झालेला दिसतो. त्याच थरांत केळीच्या पानांचे कण भरपूर. जळत राहणाऱ्या गवताळ माळात केळी आपोआप दाट वाढत नाही. कोणीतरी लावली, राखली. हा तर्क मला कूकमधला सर्वांत मजबूत वाटतो, कारण तो तीन स्वतंत्र पुराव्यांवर उभा आहे: जमिनीचा आकार, परागकण, फायटोलिथ.

जनुकीय अभ्यास याला दुजोरा देतो. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या बहुतेक केळ्यांच्या वंशावळीत न्यू गिनीच्या जंगली केळीचा, मुसा अक्युमिनाटाच्या बँक्सिआय या उपजातीचा, वाटा आहे. उसाचेही तसेच, लागवडीचा जाड ऊस न्यू गिनीतल्या जंगली उसापासून घडवला गेला.

अळू पकडायचे तर स्टार्च

अळूचे फायटोलिथ नाहीत, पराग क्वचित मिळतात. उरतो स्टार्च. कंद दगडाने खरवडला किंवा कापला की त्याचे कण दगडाच्या बारीक भेगांत अडकतात आणि तिथे हजारो वर्षे राहू शकतात. कूकमधल्या पहिल्या तिन्ही टप्प्यांतल्या हत्यारांवर अळू आणि कोनफळाच्या कुळातल्या कंदांचे कण मिळाले. अळूचे कण अगदी लहान, दोन-पाच मायक्रॉनचे, बहुकोनी, घोळक्याने. कोनफळाचे कित्येक पट मोठे. ध्रुवित प्रकाशात प्रत्येक कणावर काळी फुली दिसते, त्यावरून स्टार्च ओळखतात. अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. त्या सुयाही कधी सोबत सापडतात आणि ओळख पक्की करतात.

फायटोलिथची कृती इथे चालत नाही. आम्ल आणि उष्णता दोन्ही स्टार्चला मारक. साधारण ५५ ते ८० अंशांच्या दरम्यान, झाडाप्रमाणे, कण फुगतो आणि फुली नाहीशी होते. म्हणून हत्यार न धुता उचलतात, धारेवर शुद्ध पाण्याचा थेंब सोडून किंवा अल्ट्रासोनिक भांड्यात ठेवून कण सोडवतात, आणि द्रावण हलके, १.७-१.८ घनतेचे वापरतात.

सर्वांत मोठा धोका प्रयोगशाळेतच असतो. पावडर लावलेल्या हातमोज्यांवर मक्याचा स्टार्च असतो. हवेत पिठाचे कण असतात. प्राचीन पुरावा म्हणून आजचा मका मोजला जाऊ शकतो. यावर उपाय तीन: बिनपावडरचे हातमोजे, कोऱ्या काचा टेबलावर उघड्या ठेवून त्यांवर काय बसते हे नियमित मोजणे, आणि हत्याराशेजारच्या मातीचाही नमुना तपासणे. धारेवर कण भरपूर आणि शेजारच्या मातीत नगण्य असतील तरच ते कामातून आले म्हणता येते. हत्याराच्या न वापरलेल्या बाजूवरही तेवढेच कण असतील तर तो निकाल बाजूला ठेवावा.

वय काढताना काय चुकते

चराचे वय काढणे वाटते त्याहून अवघड आहे, कारण चर म्हणजे पोकळी. पोकळीला वय नसते. जे मोजता येते ते भरलेल्या मातीतल्या कोळशाचे किंवा बीजाचे. भरण चर सोडून दिल्यानंतरची असते, म्हणून तिचे वय चर खणल्याच्या तारखेपेक्षा अलीकडचे. उलट, चर जुना थर कापत गेला असेल तर त्यातला जुना कोळसा घसरून भरणीत पडतो आणि वय जास्त येते. त्यात कोळसा मोठ्या झाडाच्या गाभ्याचा असेल तर आणखी शंभर-दोनशे वर्षे फुकट वाढतात. म्हणून एका तारखेवर कोणी शहाणा विसंबत नाही. शक्य तिथे बारीक फांदी, कवच, बी असे एका वर्षात वाढलेले काहीतरी मोजतात, आणि एकावर एक थरांच्या तारखा क्रमाने येतात का पाहतात.

डुकराची गोष्ट हेच शिकवते. डुक्कर मूळ आशियातले. न्यू गिनीत माणसाने आणलेले. काही गुहांत डुकराचे दात सहा हजार वर्षांहून जुन्या मानलेल्या थरांत सापडले होते आणि त्यावरून आशियाशी फार जुन्या संपर्काची चर्चा झाली. ती तारीख दाताची नव्हती, शेजारच्या कोळशाची होती. दातांचीच थेट तारीख काढल्यावर ते कितीतरी अलीकडचे निघाले. उंदरांची बिळे, खणलेले खड्डे, पायाखाली दबणारी सैल माती यांतून लहान वस्तू सहज खाली सरकते. तेव्हा केळी-अळूची शेती डुकरांच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती आशियातून आलेल्या पाहुण्यांनी शिकवली नाही.

दलदलीत एक मदतनीसही असतो: ज्वालामुखीची राख. मोठ्या उद्रेकाची राख एकाच वेळी शेकडो किलोमीटरवर पडते, आणि प्रत्येक उद्रेकाच्या राखेचे रासायनिक घटक वेगळे. थर ओळखला की दूरच्या दोन स्थळांची कालरेषा एकमेकांना बांधता येते. डोंगरातली सर्वांत उपयोगी राख टिबिटो नावाची, किनाऱ्यापलीकडच्या लाँग आयलंडच्या सतराव्या शतकातल्या उद्रेकाची. काही सेंटीमीटरांहून जाड नाही, पण छेदात स्वच्छ रेघ दिसते. रसेल ब्लाँग यांनी डोंगरातल्या अनेक समाजांकडून ‘अंधाराचा काळ’ या नावाने सांगितल्या जाणाऱ्या आठवणी गोळा केल्या: दिवस काळा झाला, आकाशातून माती पडली, छपरे वाकली. त्या या उद्रेकाशी जुळतात. सतराव्या शतकानंतरच्या काळासाठी कार्बन-१४ ची, म्हणजे कोळशा-बियांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीची, अचूकता खराब असते, एकाच नमुन्याला तीन-चार संभाव्य तारखा निघतात. तिथे राखेच्या रेघेच्या वर की खाली एवढे कळले तरी मोठी गोष्ट.

रताळे आल्यावर

राखेची ही रेघ नेमकी महत्त्वाच्या जागी पडली आहे. अमेरिकेत जन्मलेले रताळे या डोंगरात पोचले ते साधारण तीन-चारशे वर्षांपूर्वी, आणि लीही बंधूंनी पाहिलेल्या बागा मुख्यतः रताळ्याच्या होत्या. अळूला ओल आणि सुपीक माती लागते. रताळे दमलेल्या जमिनीत आणि अधिक उंचीवर, साधारण २,७०० मीटरपर्यंत, येते. डुकरे ते कच्चे खातात, अळू खवखवते. त्यामुळे कळप वाढले, आणि लग्न, सलोखा, प्रतिष्ठा यांचे व्यवहार डुकरांच्या देवाणघेवाणीवर चालू लागले. हे सगळे नवे होते. दगडी हत्यारांचे ‘कालातीत’ जग म्हणून १९३० च्या दशकात ज्याचे फोटो निघाले, त्याचा बराच भाग जेमतेम दोन-तीनशे वर्षांचा होता.

वर चढण्याची किंमत दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, वसूल केली. एंगा भागात लोक सुमारे तीन मीटर व्यासाचे मातीचे ढीग करतात, पोटात गवत आणि जुने वेल पुरतात आणि वर रताळी लावतात. कुजणाऱ्या गवताने पोषण मिळते आणि थोडी ऊबही. रात्रीची थंड हवा ढिगांमधल्या खळग्यात उतरते आणि वरची पाने वाचतात. कोरड्या एल निनो वर्षांत, जसे १९७२, १९९७ आणि २०१५, एवढ्यानेही भागत नाही. निरभ्र रात्री सलग दहिवर पडते आणि उंच खोऱ्यांत अख्खे पीक जाते.

मधल्या काळाबद्दलही चित्र भरत चालले आहे. याच डोंगरांतल्या वाईम या स्थळी ५,०५० ते ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत कोरलेल्या दगडी चेहऱ्याचा तुकडा, मुसळे आणि घासून धार दिलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे शेतीमागोमाग घासीव दगडकाम आणि कोरीवकामही इथेच वाढले. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी परागकणांत सुरूच्या झाडाचे प्रमाण एकदम चढते. सुरूच्या मुळांवरचे जिवाणू जमिनीत नत्र साठवतात, लाकूड जळणाला आणि कुंपणाला चालते; लोक पड जमिनीत मुद्दाम सुरू लावू लागले होते.

कूकची ११६ हेक्टर जागा २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. कावेल्का लोक तिथे आजही शेती करतात. जुने थर जपायचे तर बंदी शेतीवर नसावी, खणण्याच्या खोलीवर असावी, हे यातले व्यावहारिक सूत्र आहे. हाताने खणलेले उथळ चर आणि रताळ्याचे वाफे जुन्या थरांना फारसे पोचत नाहीत. कॉफीसारख्या बहुवर्षी पिकांची खोल मुळे मात्र उंचवट्यांचे थर विस्कटतात, आणि खोल निचऱ्याने भूजल खाली गेले की लाकडी काठ्या-खुंटांपर्यंत हवा पोचते व ते काही वर्षांत कुजतात.